ठिपका थांबला नाही

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी संगमेश तिसऱ्या मागावर वाकून तुटलेला धागा सांधत होता आणि धागा सांधला जात नव्हता. दोन्ही करंगळ्या बधिर होत्या, चिमटीत जोर नव्हता. दोन दिवस सायकलच्या हँडलवर भार दिला की असं होतं. कबनूरच्या त्याच्या शेडमध्ये आठ माग आहेत. मालक काल शर्यत पुरी करून आला, हे कामगारांना ठाऊक होतं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. विचारलं ते एवढंच, की मावशीच्या दारात का थांबला न्हाईसा?

शर्यत तीनशे किलोमीटरची, डांबर टाळून जाणारी. शाहूवाडीच्या डोंगरात सुरू होऊन भातखाचरांच्या बांधांवरून, आजऱ्याच्या जंगलातून, गडहिंग्लजकडच्या गाडीवाटांनी ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीमागच्या माळावर संपते. वाटेत पंचतारांकित म्हणावं असं तेवढंच.

सुरुवातीला आयोजक राजवर्धननं भाषण केलं. एकटे व्हा, स्वतःला शोधा, म्हणाला. संगमेशची अडचण अशी, की तो कधी हरवलाच नव्हता. जिल्ह्यात दर दोन गावांआड कुणीतरी त्याचं सोयरं निघतं. नियम मात्र कडक. दुकानात विकत घेतलेलं खा, अनोळखी माणसानं आपणहून दिलं तर तेही खा. त्याला राजवर्धन 'वाटेची कृपा' म्हणतो. ओळखीच्या माणसाकडून काही घेतलं, की बाद.

हा नियम पुण्यामुंबईच्या माणसाला जड जात नाही. गेल्या वर्षी संगमेशचा साडू शशिधर मोटरसायकलवरून गरम शाबूची खिचडी घेऊन वाटेत आडवा आला. संगमेशनं खाल्ली आणि बाद झाला. मग वर्षभर कबनूरच्या चहाच्या गाड्यावर एकच प्रश्न: खिचडीला मीठ बरोबर हुतं न्हवं?

म्हणून यंदा त्यानं सगळ्यांना वाटेवर न येण्याची शपथ घातली. आयुष्यात एक काम कुणाच्या मदतीशिवाय पार पाडायचं होतं. कुणी वाटेवर येऊ नये म्हणून बायकोनं, रक्षितानं, शर्यतीचा नकाशा घरच्या ग्रुपवर टाकला. प्रत्येक सायकलीचा एक ठिपका त्यावर सरकताना दिसतो. घरबसल्या बघा, म्हणाली. चूक झाली ती इथंच.

मल्लव्वा म्हणजे आईची धाकटी बहीण, गडहिंग्लजकडच्या गावात राहणारी. घरात सगळे तिला चिगव्वा म्हणतात. तिनं शपथ अक्षरशः पाळली. वाटेवर ती गेली नाही. वाटच तिच्या दारावरून जात होती. रविवारी सकाळी ठिपके आपल्या गावाकडं येताना दिसले, तशी ती चुलीपुढं बसली. पहिला सायकलवाला दिसताच तिनं हाक मारली, पावणं, भाकरी खाऊन जावा. तो थांबला. मग दुसरा थांबला.

संगमेश दुपारी पोचला तेव्हा सोप्यावर पंगत बसली होती. ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका, शेंगाची चटणी, दही. राजवर्धन जीप बाजूला लावून पंगतीत बसला होता. संगमेशच्या पोटात सकाळपासून खजूर आणि औषधासारखी लागणारी कसलीशी जेली होती.

"सायकल लाव. हातपाय धू," चिगव्वा म्हणाली.

"मला चालत न्हाय चिगव्वा. नियम हाय."

"ही पोरं जेवल्यात की."

"ती अनोळखी हायत."

"म्हंजे वळख हाय म्हणून उपाशी?"

संगमेशनं राजवर्धनकडं पाहिलं. राजवर्धननं घास गिळला. "या तुमच्या मावशी नसत्या तर चाललं असतं," तो म्हणाला. चिगव्वानं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

संगमेश समोरच्या सार्वजनिक नळावर पाणी प्यायला. नळ सर्वांसाठी असतो, तो नियमात बसतो. मग तो मान खाली घालून निघाला. पाच तालुक्यांतल्या नातेवाइकांनी पाहिलं, की ठिपका गेला.

सव्वीसजणांत त्याचा नंबर तेविसावा आला. पदक मिळालं. पहिल्या आलेल्या पुण्याच्या पोरानं भाषणात मल्लव्वा मावशींचे आभार मानले. घरी आईनं पदकाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. बहिणीचा फोन आधीच येऊन गेला होता. दारातला माठ दिसत असताना ह्यो नळाचं पाणी प्याला, एवढंच ती बोलली होती म्हणे.

चहाच्या गाड्यावर आता मिठाचं कुणी विचारत नव्हतं. रात्री झोपताना संगमेशला वाटून गेलं, की खिचडीचं वर्ष बरं होतं.

सोमवारी सव्वासातला राजवर्धनचा निरोप आला: पुढल्या वर्षी मावशींचं घर वाटेत ठेवणारच, नंबर पाठवा. संगमेशनं नंबर पाठवला. मग तोच नंबर स्वतः लावला.

"शर्यत सपली का?" चिगव्वानं विचारलं.

"सपली."

"मग आता वळख देतोस?"

तो उद्या येतो म्हणाला. सायकल आणू नगंस, एवढी एकच अट तिनं घातली.

फोन ठेवून तो तिसऱ्या मागाकडं वळला. धागा तोवर रक्षितानं सांधला होता. उद्या सकाळी माग तीच सुरू करील. संगमेश तेव्हा गडहिंग्लजच्या एसटीत असेल.