भोपळ्याच्या फुलावर सेक्रेटरी

मधावर माझं मनापासून प्रेम आहे. नुसता खात नाही, त्याबद्दल बोलतोही, आणि बायकोच्या मते खाण्यापेक्षा बोलण्याचंच प्रमाण जास्त आहे. पन्नाशी उलटल्यावर पोट पुढे यायला लागलं, तेव्हा ऑफिसातल्या एकाने सांगितलं, सकाळी उठल्याउठल्या गरम पाण्यात लिंबू आणि मध घे, महिन्यात फरक दिसेल. महिन्याने फरक दिसला, पण तो मधाच्या बाटलीत. पोट जिथे होतं तिथेच होतं.

मी मात्र हार मानली नाही. खोकला झाला की आल्याच्या रसात मध, घसा बसला की तुळशीच्या रसात मध, गरम दुधाने बोट भाजलं तर बोटाला मध. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कुणी शिंकलं तर दोन मजले जाईपर्यंत मी त्याला उपचार सांगून मोकळा व्हायचो. दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला बाळ झालं तेव्हा भेट म्हणून मी मधाचीच बाटली घेऊन गेलो आणि म्हणालो, "रोज एक बोट चाटवा, बुद्धी तल्लख होते." बाळाची आई डॉक्टर होती. ती हसून म्हणाली, "काका, एक वर्षाच्या आत बाळाला मध द्यायचा नसतो. धोक्याचं असतं." बाटली त्यांनी ठेवून घेतली. मी घरी येऊन चेहरा धुतला.

हे सगळं सांगायचं कारण असं की त्याच वर्षी आमच्या गच्चीवर आग्यामोहोळ लागलं आणि ते मारून टाकायचा निर्णय घेणारा माणूस मीच होतो.

मुलुंडला आमची सोसायटी डोंगराच्या बाजूला आहे. चार मजले, वर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी. मी सोसायटीचा सेक्रेटरी. निवडून वगैरे आलेलो नाही, मीटिंगला उशिरा पोचलो आणि तोवर झालोच होतो. डिसेंबरच्या सुमारास टाकीच्या खालच्या बाजूला काळपट काहीतरी लोंबताना दिसलं. पहिल्या दिवशी ताटाएवढं, आठवड्याभरात सुपाएवढं. जवळ गेलं की त्यावरून एक लाट सरकल्यासारखी हलायची.

सोसायटीच्या ग्रुपवर धुमाकूळ सुरू झाला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचे पापड गच्चीवर वाळत होते, त्यांनी लिहिलं, "सेक्रेटरी झोपलेत का?" कुणीतरी माणसावर तुटून पडणाऱ्या माश्यांचा व्हिडिओ टाकला. तो कुठल्या देशातला होता कोण जाणे, पण त्याखाली पाच जणांनी माझं नाव लिहिलं. माझी वाट लागायची वेळ आली होती. मी कुणाला विचारलं नाही, कुठे चौकशी केली नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावला.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तोंडाला मास्क बांधून दोघे आले. गच्चीचं दार बंद करून त्यांनी धूर केला, औषध मारलं. जाताना त्यांच्यातला मोठा म्हणाला, "साहेब, सगळीकडे मारून टाकलंय. कुंड्यांमध्ये पण. एक माशी दिसणार नाही." मला केवढं बरं वाटलं! काम कसं चोख!

सकाळी गच्चीवर गेलो. फरशीवर माश्यांचा थर पडला होता. काही अजून पाय हलवत होत्या. झाडूने गोळा करायला लागलो तर एक सुपली भरली, मग दुसरी. मनात काहीतरी खुपलं, नाही असं नाही. पण मी मोबाइल काढला, स्वच्छ गच्चीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "मोहीम फत्ते." अंगठेच अंगठे आले. मग घरी येऊन गरम पाण्यात लिंबू पिळलं आणि दोन चमचे मध घातला.

बायको गॅसजवळ उभी होती. ग्लासाकडे बघून म्हणाली, "तुला लाज कशी वाटत नाही रे?"

"कसली?"

"मध हवा, माशी नको."

मी म्हणालो की हा मध या माश्यांचा नाही, बाटलीतला आहे. ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की शेवटी मीच पेपर उघडला.

आता चौथ्या मजल्यावरच्या काकी. पंच्याहत्तरीच्या, मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, गिरणी गेल्यावर परळची खोली सोडून मुलाबरोबर इकडे आल्या. गावची जमीन भावकीत अडकलेली, म्हणून काकींनी गच्चीवर शेती केली. निळे ड्रम अर्धे कापून त्यात माती, आणि मातीत भोपळा, काकडी, मिरची, कढीपत्ता. दरवर्षी त्यांच्या लाल भोपळ्याचे काप अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटले जायचे. मार्च आला की मी आशेने दार उघडं ठेवायचो.

त्या मार्चमध्ये काप आले नाहीत. काकीच आल्या. दारातूनच म्हणाल्या, "झिला, औंदा भोपळो लागणा नाय."

"का हो काकी? खत कमी पडलं असेल."

"खत कित्याक कमी पडतला? वेल बघ, टाकीपर्यंत गेलो. फुलां येतत आणि गळान पडतत. माशीच नाय तर फळ धरतला कसा?"

मी म्हणालो, "पण काकी, आग्या माश्या भयंकर असतात. कुणाला चावल्या असत्या तर?"

तेव्हा काकींनी मला गच्चीवर नेलं आणि कढीपत्त्याच्या झाडाची एक फांदी बाजूला केली. तिथे तळहाताएवढं एक छोटं पोळं होतं, कागदासारखं वाळलेलं आणि रिकामं. बारीक माश्यांचं, म्हणाल्या. तीन वर्षं त्यांच्याच झाडावर होतं, त्या माश्या कधी कुणाला चावल्या नाहीत, आणि सगळ्या वेलींची कामं त्याच करायच्या. मला त्यांचा पत्ताच नव्हता. कुंड्यांमध्ये पण मारून टाकलंय, असं तो माणूस सांगून गेला होता आणि मी त्याला शाबासकी दिली होती.

"मी काय करू आता?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"तू माश्यो मारलंस, आता तूच माशी हो. उद्या सकाळी सातला ये."

मला वाटलं गंमत करतायत. दुसऱ्या दिवशी सात वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली.

भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. नर फुलं वेगळी असतात आणि मादी वेगळी, हेही. काकी एकेक दाखवायच्या. "ह्यां बघ, ह्यां नर. सरळ दांडो. आणि ह्येच्या बुडाक बारीक भोपळो दिसता ना, ती मादी." नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्ये अलगद फिरवायचा. सांगायला सोपं आहे. मी पहिलंच मादी फूल चिरडलं. दुसऱ्या फुलात दांडा जोरात फिरवला तेव्हा काकी ओरडल्या, "हळू रे! घंटा वाजवतंस काय?"

ऑफिसच्या शर्टावर पिवळे डाग घेऊन मी पंधरा दिवस हिंडलो. समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ सकाळी खिडकीत चहा पीत उभे असायचे. एका मध्यमवयीन माणसाला वेलीत वाकून फुलाला फूल लावताना ते रोज बघायचे. चौथ्या दिवशी त्यांनी बायकोलाही बोलावलं.

कष्टाचं म्हणाल तर अर्ध्या तासात माझी पाठ धरायची आणि जेमतेम सहा-सात फुलं व्हायची. त्यातली दोन चुकीची. नरावर नर. आणि एवढं करून जे बारीक भोपळे धरायचे, ते चार दिवसांत पिवळे पडून गळायचे. काकी म्हणायच्या, पराग पुरेसा पोचला नाही, माशी दिवसात दहा वेळा येते, तू एकदाच येतोस. त्या पंधरा दिवसांत माझ्या मनात मधमाशीबद्दल जो आदर निर्माण झाला, तो आयुष्यभर मध खाऊन झाला नव्हता. हे काम ती न बोलावता करते, वर घरी जाऊन मधही करते, आणि लिफ्टमध्ये कुणाला ऐकवत नाही.

त्याच काळात काकींनी माझं मधपाणीही एकदा पाहिलं. वाफा येत होत्या. "कढत पाण्यात मध घालूचो नसता रे. कोमट होया." म्हणजे इतकी वर्षं मी तेही चुकीचंच करत होतो. बायको आतून मोठ्याने हसली.

शेवटी एक भोपळा धरला. एकच. नारळाएवढा होऊन थांबला आणि एका बाजूने चपटा राहिला. काकींनी तो कापून अर्धा आमच्याकडे पाठवला. त्याची भाजी मी दोनदा वाढून घेतली. बायको म्हणाली, "छान झालाय की." हे ती भोपळ्याला म्हणाली का मला, ते विचारलं नाही.

नंतर मी शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका निवृत्त प्राध्यापकांना गाठलं. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. त्यांनी शांतपणे सांगितलं की आग्या माश्या हिवाळ्यात येतात आणि पावसाच्या आधी आपणहून निघून जातात. डिवचलं नाही तर सहसा काही करत नाहीत. तुम्ही चार-पाच महिने गच्चीचा तेवढा कोपरा बंद ठेवला असता तरी चाललं असतं. मी मान खाली घालून ऐकलं. 

पुढच्या हिवाळ्यात मोहोळ परत लागलं. त्याच टाकीखाली.

या वेळी मी तयार होतो. कोपऱ्याला दोरी बांधली, पापडांची जागा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवली, दारावर पुठ्ठ्याची पाटी लावली. त्यावर सूचना लिहिल्या. दगड मारू नका, धूर करू नका, सेंट लावून जवळ जाऊ नका. अक्षर बायकोचं, मजकूर माझा. लोक कुरकुरले. वहिनींनी विषय सर्वसाधारण सभेत घ्यायचं जाहीर केलं आणि ग्रुपवर पुन्हा तोच व्हिडिओ आला.

सभेच्या आदल्या दिवशी माझ्या साडूच्या मुलीचं लग्न होतं ठाण्याला. कुर्ता घातला, मानेला आणि मनगटांना भरपूर अत्तर चोळलं. निघताना वाटलं, दोरी नीट आहे का एकदा बघून यावं. पाटी ओलांडून मी दोरीपाशी गेलो, आणि वाकून गाठ आवळायला लागलो.

पाच चावल्या. एक भुवईवर, दोन मानेवर, एक कानाच्या पाळीवर, एक टाळूवर. मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही, पण तिसऱ्या मजल्यावर एक चप्पल सापडली. बायको नेसून तयार बसली होती. तिने मला खुर्चीत बसवलं, माझंच लायब्ररीचं कार्ड घेऊन एकेक काटा खरवडून काढला, बर्फ लावला आणि मग विचारलं, "ती पाटी कुणासाठी होती रे?"

लग्नाला ती एकटीच गेली.

सभेला मात्र जावंच लागलं. डावा डोळा पूर्ण बंद, कान पुरीसारखा टम्म. मी उभा राहिलो आणि प्राध्यापकांनी सांगितलेलं सगळं सांगायचा प्रयत्न केला, पण ओठही सुजला असावा, कारण "परागीभवन" हा शब्द तीनदा म्हणावा लागला. चूक गेल्या वर्षी माझीच झाली, हे मात्र एकदाच म्हणालो आणि ते सगळ्यांना कळलं. मग म्हणालो, "राहू द्या त्यांना. उन्हाळ्यात जातील."

सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "ज्यांना चावल्या तेच म्हणतायत राहू द्या, तर आपण काय बोलणार? माझे पापड घरात वाळवते मी." हसण्याचा आवाज झाला आणि ठराव मंजूर झाला. माझ्या कारकिर्दीतला एकमताने मंजूर झालेला तो एकमेव ठराव. तो माझ्या बोलण्यामुळे झाला असं मी अजूनही म्हणतो. बायको म्हणते, तोंडामुळे झाला, पण वेगळ्या अर्थाने.

काकींच्या वेलींवर त्या वर्षी सकाळपासून गुणगुण असायची. मला कुणी बोलावलं नाही. मी दोन-तीनदा आपणहून गेलो, तर काकी म्हणाल्या, "तू बाजूक उभो रव. त्यांका करूंदे." भोपळे इतके आले की वाटून वाटून लोक कंटाळले.

मेमध्ये एका सकाळी वर गेलो तर टाकीखालचं पोळं रिकामं होतं. फिकट, वाऱ्याने हलत असलेलं. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. काहीतरी मोठं घडलंय आणि आपण त्याचे साक्षीदार आहोत असा चेहरा झाला असावा. काकी मागून बादली घेऊन आल्या.

"गेल्या काकी," मी म्हणालो.

"जातल्योच. पाऊस जवळ इलो." त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे. "तू टाकीचा झाकण लाव आधी. सकाळपासून उघडा हा."