दुखत नव्हतं म्हणून

सगुणाची पाळी बंद होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. त्यामुळे एका सकाळी लघवीला लाल झालेलं दिसलं तेव्हा तिला वाटलं, हे झेंगट परत मागे लागलं. पोटात दुखत नव्हतं, जळजळ नव्हती. नुसतं लाल.

बोर्ली पंचतनच्या बाजारात सुके बोंबील आणि जवळा विकणारी ही कोळीण. गिऱ्हाइकाशी भांडायला कधी मागे सरायची नाही, पण ही गोष्ट थोरल्या जावेला, वेणूबाईला सांगतानाही तिची मान खाली गेली. वेणूबाई म्हणाली, उन्हात बसून उष्णता झाली असेल. तिने धन्याचं पाणी दिलं. दोन दिवसांत लघवी साफ झाली आणि सगळं श्रेय धन्याच्या पाण्याला गेलं.

होळीनंतर पुन्हा तेच. या वेळी ती बाजारातल्या डॉक्टरकडे गेली. त्याने लघवी तपासायला पाठवली, गोळ्या दिल्या आणि बजावलं की रक्त थांबलं तरी म्हसळ्याला जाऊन सोनोग्राफी करून या. तिने घरी सांगितलं. नवरा शिवदास जाळ्याला गाठी मारत होता. बोंबील ऐन भरात आहे, वाळवण कोण बघणार, असं तो म्हणाला. ते तिलाही पटलं. रक्तही थांबलंच होतं.

मग पावसाळ्यात शिवदासचा मुतखडा उठला. गडी घरभर लोळला, ओरडला, ओकला. सगळी आळी गोळा झाली. मुलगा प्रणयने गाडी आणली आणि बापाला थेट अलिबागला नेलं. सगुणा खाटेशेजारी बसून राहिली. नवऱ्याला सलाइन लागलं, सोनोग्राफी झाली, मोठ्या डॉक्टरांनी दोनदा येऊन पाहिलं.

त्याच इस्पितळाच्या संडासात तिला पुन्हा रक्त गेलं. या वेळी त्यात गाठी होत्या, काळपट, जांभळासारख्या. ती भिंतीला धरून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा शिवदास पेज पीत होता. तिने हळूच सांगितलं.

त्याने विचारलं, “दुखतंय काय?”

“न्हाय.”

“मंग घरी जाऊन बघू. आता माझं निस्तरूं दे.”

जिन्यापलीकडे डॉक्टर बसत होते. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या पिशव्या उचलून ती गाडीत बसली.

दिवाळीच्या सुमारास तिची लघवीच अडली. रक्ताच्या गाठींनी वाट बुजली होती. पोट ढोलासारखं ताणलं आणि आता मात्र ती ओरडली. आता सगळे धावले. अलिबागहून तिला मुंबईला पाठवलं. तिथे दुर्बीण घालून पाहिलं तर मूत्राशयात गाठ होती, आणि ती आतल्या स्नायूत शिरली होती.

तिथली डॉक्टरीण प्रणयच्याच वयाची. तिने पहिल्यापासून सगळं विचारून घेतलं. सगुणाने न राहवून विचारलं की एवढं मोठं दुखणं होतं, तर दुखलं कसं नाही?

“मावशी, याचं असंच असतं,” ती म्हणाली. “रक्त एकदा दिसतं, आपोआप थांबतं, दुखत काही नाही. म्हणून माणूस घरी बसतो. एकदाच दिसलं तरी तपासायचं असतं. जंतुसंसर्ग असेल, खडा असेल, काहीच नसेल. पण ते तपासल्यावर कळतं.” लवकर आला असतात तर कदाचित दुर्बिणीनेच गाठ काढता आली असती, हेही तिने लपवलं नाही.

मूत्राशय काढलं. पोटावर लघवीची पिशवी आली. बाजारातली जागा सुटली. तिथे आता वेणूबाईची सून बसते, आणि सगुणाची गिऱ्हाइकं तिच्याकडून जवळा नेतात.

भेटायला माणसं येत राहिली. शिवदास प्रत्येकाला ओटीवर बसवायचा, चहा सांगायचा आणि म्हणायचा की बायकांची जातच अशी, अंगावर काढतात. हिने मला एका शब्दाने सांगितलं असतं तर मी काय नेलं नसतं?

बरेच दिवस सगुणाने ऐकून घेतलं. एकदा पाहुण्यांसमोर ती आतून उंबऱ्यापर्यंत आली.

“सांगितलं व्हतं,” ती म्हणाली. “दोनदा. तुमी पेज पीत व्हतात.”

शिवदासने कप खाली ठेवला आणि होडीकडे जायचंय म्हणून उठला. पिशवी भरली होती. सगुणा ती रिकामी करायला न्हाणीकडे गेली.