अजगराखालचा भुसा
कुंड्यांसाठी आणलेला नारळाचा भुसा पाण्यात भिजला, की त्याच्या वासाने मला कुवेत आठवतं. नव्वदच्या दशकात आम्ही दोघे कोकणातले सुतार एका अरबाच्या बैठकीच्या खोलीत त्याच्या पाळीव अजगरासाठी काचेची मोठी पेटी बनवत होतो. पाहुण्यांना शोभा दिसावी म्हणून मालकाने तळाला वाळवंटातली लालसर वाळू टाकायला लावली, पण जंगलातलं ते जनावर दिवसभर पाण्याच्या टोपातच पडून राही आणि त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघे. शेवटी पेटीत ओल टिकावी म्हणून दुकानातून नारळाच्या भुशाच्या सुक्या विटा आल्या. माझ्या जोडीदाराने त्या बादलीत भिजवल्या, कुस्करल्या आणि ओले हात नाकाशी धरून तो तसाच बसून राहिला. "माझ्या बायलेच्या हातांक असोच वास यायचो," तो म्हणाला. ती गावी काथ्याचे दोर वळायची; ती वारली तेव्हा कंपनीने याला गावी सोडलं नव्हतं. भुसा पसरला तसा अजगर त्यात शिरून दिसेनासा झाला. मालक वैतागला. "साप दिसत नाही, तर काच कशाला?" म्हणत त्याने पुन्हा वाळू टाकायला सांगितली, आणि अजगर पुन्हा टोपात जाऊन पडला. काढलेला भुसा जोडीदाराने गोणीत भरून खैतान भागातल्या आमच्या खोलीवर आणला, खाटेखाली ठेवला. रोज कामावर निघताना तो त्यावर पाणी शिंपडायचा. पुढे भुशाला बुरशी आली, वास पार गेला, तरी त्याचं शिंपडणं थांबलं नाही. आता माझ्या कुंड्या भरून झाल्या, तरी बादलीत थोडा भुसा उरतोच. तो मी सुकू देत नाही.