वैजापूरचा अंदाज

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मीनाक्षी देऊळगावकर घरी बसून राहणाऱ्यातल्या नव्हत्या. जिल्ह्याच्या शहरात, समर्थनगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी निवडणुकांचे अंदाज काढायचं काम सुरू केलं. जोडीला त्यांचा जुना विद्यार्थी श्रीरंग. आकडे बाईंकडे; पुढारी, वाहिन्या, चहापाणी सगळं श्रीरंगकडे.

त्या वर्षी एका पक्षानं नवीच टूम काढली. नगराध्यक्षपदाचा उमेदवार मुंबईत ठरवायचा नाही, गावातल्या सभासदांनीच मतं टाकून निवडायचा. जिल्ह्यात पहिलं मतदान वैजापुरात. तिथं जे होईल त्यावरून बाकीच्या गावांचा कल कळणार, म्हणून सगळ्यांचे डोळे तिकडं लागलेले. तिकिटासाठी उभे होते दोघं. एक कांद्याचा बडा आडत्या बिभीषण. दुसरी ज्ञानेश्वरी, धनगरवस्तीतली, मेंढरांमागं फिरत शिकलेली, दोनदा नगरसेविका झालेली.

मीनाक्षीबाई स्वतः वैजापुरात दारोदार फिरल्या. हॉटेलात, पानटपरीवर जो तो बिभीषणचं नाव घेत होता. पण घरात शिरून बसलं, की बाया आवाज खाली करून ज्ञानेश्वरीचं नाव सांगायच्या. वस्तीवर तर दुसरं नावच नव्हतं. बाईंनी श्रीरंगला अंदाज लिहून दिला : ज्ञानेश्वरी, थोडक्या फरकानं.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावला. पडद्यावर त्यांचाच फोटो होता आणि खाली ठळक पट्टी : बिभीषण मोठ्या फरकानं पुढे.

त्यांनी श्रीरंगला फोन लावला.

"हे काय आहे?"

"मॅडम, वाहिनीवाल्यांनी बिभीषणचंच नाव द्या म्हणून लई गळ घातली. आणि फरक तसा जेमतेमच होता. शेवटी अंदाजच ना?"

"माझा अंदाज मी तुला दिला होता. हा तुझा आहे. मग त्यावर तुझा फोटो लाव."

"परवा कुणाच्या लक्षातही राहणार नाही, मॅडम."

बाईंनी वाहिनीला फोन केले. कुणी साहेब बैठकीत आहेत म्हणालं, कुणी नुसताच फोन धरून ठेवायला लावला. सकाळी उठून त्या वैजापूरच्या एसटीत बसल्या. मतदान एका मंगल कार्यालयात होतं. बिभीषणच्या माणसांची रांग फाटकाबाहेर गेलेली. वस्तीवरचं जवळपास कुणीच नव्हतं. कापसाची वेचणी चालू होती. निकाल टीव्हीवर लागलाच आहे, मग एका दिवसाची मजुरी कशाला बुडवायची, असं म्हणून माणसं रानात गेली होती.

संध्याकाळी मोजणी झाली आणि तिकीट बिभीषणला मिळालं.

फाटकाशी ज्ञानेश्वरी उभी होती. बाईंनी जवळ जाऊन सांगितलं, की तो अंदाज माझा नव्हता.

"पण नाव तुमचंच व्हतं ना, बाई?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "बिभीषणवर नाय इस्वास ठेवला लोकांनी. तुमच्यावर ठेवला. तुम्ही आमच्या घरात बसून चहा पेल्या व्हत्या."

परतीच्या वाटेवर मीनाक्षीबाईंचा मोबाइल सारखा वाजत होता. अभिनंदन, मॅडम. काय अचूक अंदाज. पैठणच्या एका पुढाऱ्याला तर लगेच काम द्यायचं होतं. खोटं बोललं गेलं आणि ते खरं झालं, आता त्याचंच कौतुक चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शहरातल्या पत्रकारांना घरी बोलावून सगळं सांगितलं. श्रीरंग धावत आला.

"आपण बरोबर ठरलो असताना तुम्ही आपणच खोटे म्हणून सांगताय?"

"आपण बरोबर ठरलो नाही, श्रीरंग. आपण त्या बाईला पाडलं. तुझं सामान आजच घेऊन जा."

एका वर्तमानपत्रानं आतल्या पानावर चार ओळी छापल्या. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. पैठणचं काम गेलं, त्यामागोमाग बाकीचीही गेली. पुढे नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीत ज्ञानेश्वरी अपक्ष उभी राहिली. मतं फुटली आणि ती न् बिभीषण दोघंही पडले; नगराध्यक्ष तिसऱ्याच पक्षाचा झाला. बाईंना त्याचं समाधान वाटलं नाही.

संक्रांतीला श्रीरंग दारात आला. हातात तिळगुळाचा डबा, चेहऱ्यावर जुनं हसू. वाकून नमस्कार करायला लागला, तशा बाई मागं सरकल्या.

"जाऊ द्या ना मॅडम आता. सणाचा दिवस आहे."

"वैजापूरला जा," बाई म्हणाल्या. "हा डबा तिच्या दारात घेऊन उभा राहा. तिनं घेतला तर माझ्याकडे ये."

श्रीरंग खाली बघत उभा राहिला. तो जाणार नाही, हे बाईंना दिसत होतं. त्यांनी दार लावून घेतलं.