दोन पेडलची गाडी

हैबतरावांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते ओट्यावर बसून लसूण सोलत होते. दोन हजार सात सालातली, दिवाळीनंतरच्या एका रविवारची दुपार. वरच्या मजल्यावरून इंजिनाचा आवाज येत होता. इंजिन ताकदीचं होतं, पण चालवणारा अगदीच कच्चा. गियर वळणाआधी उतरवायचा, तर हा वळणात शिरल्यावर उतरवत होता. चढावर गाडीचा जीव जाईपर्यंत वरचा गियर सोडत नव्हता. हैबतरावांनी सोलणं थांबवलं. अंगणात भाडेकरूंच्या दोन मोटारसायकली होत्या, त्या तर सकाळपासून जागच्या हलल्या नव्हत्या.

"टीव्ही असंल," ते स्वतःशीच म्हणाले. पण टीव्हीतली गाडी एकाच वळणावर आठ-आठ वेळा चुकत नाही.

बावीस वर्षं ते उरवड्याच्या एका कारखान्यात ड्रायव्हर होते. आधी मालाचा ट्रक, मग कामगारांची बस. पहिल्या पाळीची माणसं भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गोळा करत न्यायची आणि दुपारी परत सोडायची. खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये असा ब्रेक लावायचा, हीच त्यांची शेखी. दोन हजार चार साली चपलेत एक खडा शिरला. साखरेमुळं पायाला जाणीव राहिली नव्हती, त्यामुळं दिवसभर तो टोचतोय हे कळलंच नाही. जखम चिघळली, बोटं काळी पडली आणि शेवटी डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. बायको रत्नाबाई त्याच्या दोन वर्षं आधीच गेली होती. मुलगी उज्वला भोरकडं दिलेली. कारखान्यानं त्यांना गेटवर वहीत नोंदी करायचं काम दिलं. महिनाभर ते बसले. आपली बस दुसरा माणूस बाहेर काढतोय, आणि आपण वहीत तिच्या सुटण्याची वेळ लिहितोय. एक दिवस वही मिटून ते जांब्याला घरी आले, ते परत गेलेच नाहीत.

पुढं हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं खोल्या शोधत गावात फिरायला लागली, तेव्हा जावयानं उभं राहून घरावर एक मजला चढवून दिला. स्लॅब ओतला तेव्हा हैबतराव खाली खुर्चीवर बसून होते. वरच्या तीन खोल्या त्यांनी पाहिल्याच नव्हत्या. भाडेकरू सकाळी जायचे, अंधार पडल्यावर यायचे. काही दिवस असे जायचे की दूधवाल्याशी जे बोलणं होईल तेवढंच.

त्या रविवारी आवाज थांबेना. हैबतरावांनी जयपूर पायाचे पट्टे आवळले, कठडा धरला आणि एक-एक पायरी चढत ते वर गेले. वर पोचेपर्यंत सदरा घामानं भिजला.

मधल्या खोलीचं दार उघडंच होतं. ऋषिकेश जमिनीवर बसला होता. परभणीचा पोरगा, चार महिन्यांपूर्वी राहायला आलेला. समोर टीव्ही, बाजूला एक काळी पेटी, आणि एका ठेंगण्या टेबलाला चक्क स्टिअरिंग आवळून बसवलेलं.

"काका! तुम्ही वर कशाला आलात? आवाज मोठा झाला का?"

"आवाजाचं काय न्हाई. गियर उशिरा टाकतुयास तू."

ऋषिकेश बघतच राहिला. "तुम्हाला खालून कळलं?"

"सगळ्या आळीला कळलं असंल. काय हाय हे?"

ऋषिकेशनं सांगितलं. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. पण साधा नाही, खऱ्या गाडीसारखी गाडी वागते. ओल्या रस्त्यावर घसरते, टायर झिजतात. गावाकडं सुट्टीला जायचं रद्द झालं म्हणून दिवाळीत घेतला होता. मित्र येतील खेळायला असं वाटलं होतं. "आलं कुणी नाही," तो हसून म्हणाला. ते हसणं हैबतरावांना नीट ओळखू आलं.

त्यानं प्लास्टिकची खुर्ची ओढली, टेबलाखाली विटा लावून ते उंच केलं. "बसा ना काका. एक चक्कर मारा."

"मला न्हाई जमायचं. क्लचचा पायच न्हाई मला."

"क्लच नाहीच आहे याला. खाली बघा. दोनच पेडल, ब्रेक आणि रेस. गियर आपोआप पडतील असं करतो."

हैबतरावांनी वाकून पाहिलं. खरंच दोनच होते. ते बराच वेळ त्या पेडलांकडं पाहत राहिले. मग बसले आणि उजवा पाय ठेवला.

गाडी निघाली. डोंगरातला रस्ता होता, दोन्ही बाजूंना झाडी. पहिल्या वळणाला त्यांच्या मांडीचा स्नायू आपोआप ताठला आणि डावा, नसलेला पाय क्लच शोधायला पुढं गेला. जयपूर पाय विटेवर आपटला. ऋषिकेश दचकला. दुसऱ्या वळणालाही तसंच झालं. तिसऱ्याला त्यांनी डावी मांडी हातानं खुर्चीवर दाबून धरली आणि एका हातानं गाडी वळवली.

"ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालतीय," ते म्हणाले. "खरंच घालतीय रे! ज्यानं केलंय त्यानं गाडी चालवलीय."

"आणखी काय वाटतं?"

"बुडाला कळत न्हाई काय. गाडी घसराय लागली की आदी बुडाला कळतं, मग डोळ्याला. हितं उलटं हाय. नि वास न्हाई." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "रस्त्यावर माणूस न्हाई एकबी. म्हस न्हाई, हात करणारं कोण न्हाई. ही गाडी कुणासाठी चाललीय?"

त्यांनी एक चक्कर पुरी केली. वेळ इतका लागला की तेवढ्यात ऋषिकेशच्या दोन चकरा झाल्या असत्या. पण गाडी कुठं घासली नाही, कडेच्या गवतात उतरली नाही. मग ऋषिकेश बसला, सुसाट निघाला आणि चौथ्या वळणाला भिंतीवर आदळला. गाडी गोल फिरली आणि पुन्हा धावायला लागली.

हैबतरावांनी त्याचा दंड धरला. "थांबव! काच बघ. काय झालं न्हाई तिला?"

"याच्यात गाडी फुटत नाही, काका."

"मग हे खोटं हाय," ते म्हणाले आणि उठले. पायऱ्या उतरताना मात्र त्यांचा उजवा पाय प्रत्येक पायरीवर ब्रेक दाबल्यासारखा टेकत होता.

पुढच्या रविवारी ते पुन्हा चढले. त्याच्या पुढच्याही. ऋषिकेश भात लावायचा, हैबतराव खालून कालवण न्यायचे. त्याला त्यांनी वळणाआधी गियर उतरवायला शिकवलं, तर त्याची वेळ सहा सेकंदांनी कमी झाली. बोलणं फारसं नसायचं. एकदा ऋषिकेशनं त्यांना शर्यतीत उतरवलं. बाकीच्या गाड्या भराभर पुढं गेल्या आणि हैबतराव मोकळ्या रस्त्यावर एकटेच राहिले. मधेच त्यांनी गाडी कडेला घेऊन उभी केली.

"काय झालं, काका?"

"काय न्हाई. बघतोय."

पडद्यावर डोंगर होता, ऊन होतं, इंजिन नुसतं गुरगुरत होतं. उतरता येत नव्हतं. बायको गेली त्या वर्षी कधीतरी रिकामी बस परत आणताना वाट वाकडी करून मुळशीच्या धरणाकाठी त्यांनी अशीच गाडी उभी केली होती. पाण्याकडं पाहत किती वेळ गेला ते कळलं नव्हतं. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ऋषिकेशला सांगितलं. त्यानं उठून चहा टाकला.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये ऋषिकेशची चेन्नईला बदली झाली. पेटी, स्टिअरिंग, पेडल खोक्यात गेले. निघताना तो म्हणाला, "काका, हे तुम्हाला ठेवतो."

"नको. एकट्यानं काय खेळायचं ते." मग त्यांनी विचारलं, "दोन पेडलाची खरी गाडी असती का रं?"

"असते. आणि जुन्या गाडीलाही क्लच हातात देतात. तुम्ही चौकशी करा."

वरची खोली एका नवरा-बायकोनं घेतली. ती दोघं दार लावून घ्यायची. हैबतरावांचे रविवार पुन्हा ओट्यावर जायला लागले. पंधरा दिवस त्यांनी काढले. मग एका सकाळी रिक्षा करून ते उरवड्याला गेले. कारखान्यातला त्यांचा जुना मेकॅनिक जयसिंग आता स्वतःचं गॅरेज चालवत होता.

"क्लच हातावर घ्यायचाय," ते म्हणाले.

जयसिंगनं त्यांच्या पायाकडं पाहिलं. "ह्या वयात? कुटं जायचंय तुमाला?"

"ते नंतर बघू. व्हतंय का न्हाई ते सांग."

होत होतं. जयसिंगनं एक जुनी लहान गाडी हुडकली, गियरच्या दांड्यापाशी क्लचचा खटका बसवला. कागदपत्रांना, दाखल्यांना, परवान्याच्या परीक्षेला पुढचे सात महिने गेले. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी चढावर गाडी थांबवायला लावली. ती बोटभरही मागं सरकली नाही.

पहिल्याच रविवारी ते एकटे निघाले. माण, घोटवडे, पौड करत मुळशीला. रस्त्यात बकरी आडवी आली तेव्हा ब्रेक लागला आणि गाडी घसरण्याआधी बुडाला कळलं. ते मोठ्यानं हसले. धरणाकाठी उतरून त्यांनी काठी टेकली, पाणी पाहिलं. भाताची खाचरं कापून झाली होती. हसू आता ओसरलं होतं. शेजारच्या सीटवर ठेवलेल्या डब्यात दोन माणसांचं जेवण होतं. सवयीनं भरलं गेलं होतं. त्यांनी निम्मं खाल्लं.

तिथूनच त्यांनी चेन्नईला फोन लावला.

"काका! कसे आहात? ती पेटी विकून टाकली हो मी. वेळच मिळत नव्हता."

"बरं केलंस. मी मुळशीला आलोय. गाडी घेऊन."

"कोण चालवतंय?"

"मी."

पलीकडून ऋषिकेश इतका ओरडला की हैबतरावांनी फोन कानापासून लांब धरला. "कुठं निघालात पण तुम्ही?"

"कुटं न्हाई. जातो नि येतो," हैबतराव म्हणाले. "तू आलास की तुला घेऊन जाईन."

"येतो काका. नक्की येतो."

तो कधी येणार हे दोघंही बोलले नाहीत. फोन खिशात टाकून हैबतराव गाडीत बसले, खटका दाबला, पहिला गियर टाकला आणि ऊन कलायच्या आत घर गाठायला निघाले.