आत्या आणि पडद्यावरच्या येड्या बाया

माणसाचं डोकं फिरवणारे रहस्यपट आमच्या आत्याइतके पाहिलेला प्राणी अंबडमध्येच काय, अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि त्यातल्या एकाही दिग्दर्शकाला तिने आजवर निर्दोष सोडलेलं नाही. आत्या कोर्टात कारकून होती. जन्मभर लोकांच्या साक्षी लिहून निवृत्त झाली आणि दुपारची भाकरी आटोपली की मोबाइल तांब्याला टेकवून सिनेमे बघायला लागली. या सिनेमांत एक भलंमोठं घर असतं, त्यात गाऊन घातलेली एक बाई असते, आणि ती बिचारी "घरात कुणीतरी आहे" म्हणाली की नवरा आधी तिला गोळी देतो. इथे आत्याचा पारा चढायचा. "अरे मुडद्या, आधी माळा बघ की! बाईला काय गोळ्या चारून राह्यला?" बाई भोळी असली तर मरते, हुशार असली तर शेवटी तीच खुनी निघते, हा तिचा कायमचा आक्षेप. "आन् इतक्या बाया येड्या झाल्या, पन एकीनंबी कुकर लावला न्हाई. येडी झाली म्हून बाईचा सैपाक सुटतो व्हय?"

आम्ही हसायचो. मग गेल्या वर्षी शेजारच्या सुनेचं प्रकरण निघालं. ती शाळेत शिक्षिका. तिच्या चाव्या, घड्याळ, शाळेची कागदपत्रं रोज हरवायला लागली. सासूने गल्लीभर सांगितलं, "सुनेच्या डोक्यात फरक पडला." नवऱ्याने नोकरी सोडायला सांगून जालन्याच्या डॉक्टरचा नंबरही लावला. एका दुपारी ती आत्याजवळ येऊन रडली. "आत्या, आता मलाच माझा भरोसा न्हाई राह्यला."

आत्याने सिनेमा थांबवला. "घर बघितलं का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. आत्या उठली ती थेट शेजारी, वाटीभर ज्वारी मागायला. ज्वारीच्या कोठीला त्या घरात सासूशिवाय कुणी हात लावत नसे. आत्याने "तुम्ही बसा" म्हणत स्वतःच कोपरापर्यंत हात घातला आणि चाव्यांचा जुडगा वर काढला. पाठोपाठ घड्याळ. "बाई, औंदा तुमच्या ज्वारीला चाव्या लागल्या की!"

सासू पुटपुटली, "घरी राहावी म्हून केलं." आवाज ऐकून नवराही आतल्या खोलीतून बाहेर आला होता. "डॉक्टरचा नंबर राहू दे," आत्या त्याला म्हणाली, "आईला ने."

सून आजही शाळेत जाते.

त्या संध्याकाळी मी आत्याला चिडवलं, "सिनेमे बराबर कामी आले!" ती हसली नाही. "तुझी आजीबी म्हनायची, माझ्या वस्तू कुणीतरी हलवतं. तिला अंगाऱ्या-धुपाऱ्याला नेऊन नेऊन दमवलं समद्यांनी. मी नऊ वर्षांची व्हते. मला बी ती येडीच वाटली रे."

आजीबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोलत नसे. त्या दिवशी आत्या जेवणं होईपर्यंत बोलत राहिली. आजीला गाता येत होतं, हे मला तेव्हा कळलं.