बारा व्हॉल्व्ह आणि भांड्यांचा साबण

परवा खंडेनवमीला ऑफिसमधून घरी आले, तर देवासमोर पाटावर माझी सोल्डरिंग गन, मल्टीमीटर आणि बारा व्हॉल्व्ह ओळीने मांडलेले. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूची एकेक पाकळी. आणि काचा लख्ख, नको तेवढ्या लख्ख...

व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते अंगठ्याएवढे काचेचे दिवे. हे मात्र ठाण्यातल्या एका काकांच्या इलेक्ट्रिक ऑर्गनचे होते. माझ्या इथल्या रेडिओ-दुरुस्तीच्या पोस्ट वाचून काकांनी मला गाठलेलं. टेंभी नाक्याजवळ राहतात, वय अठ्ठ्याहत्तर, तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचे.

त्या ऑर्गनमध्ये बारा स्वरांना बारा व्हॉल्व्ह. त्यातला पांढरी पाचचा, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या स्वराचा, गेलेला, त्यामुळे तो स्वर खालपासून वरपर्यंत सगळीकडे मुका. काका गाणं वाजवायचे आणि तो स्वर आला की तोंडाने म्हणायचे.

दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांच्या ऑर्केस्ट्रातले उरलेले तिघे घरी येणार होते. त्यांच्यातले गायक आता कायमचे मुलाकडे कॅनडाला निघालेले... म्हणजे चौघांचं एकत्र वाजवणं हे शेवटचंच.

खरं तर काम पाच मिनिटांचं. कल्याणच्या एका जुन्या रेडिओवाल्यांकडे मला त्याच नंबरचा व्हॉल्व्ह मिळालाही. पण त्याच्यावर नाव दुसऱ्याच कंपनीचं, आणि काका तो लावू देईनात.

"ऑर्गनवर जे नाव आहे तेच आतल्या सगळ्या व्हॉल्व्हवर आहे. परका घातलास तर बाकीचे पण जाळेल तो."

आता ही ऑर्गनची कंपनी स्वतः व्हॉल्व्ह बनवतच नव्हती. दुसऱ्यांकडून घ्यायची आणि वर आपलं नाव छापायची. माझे बाबा डोंबिवली एमआयडीसीत पॅकिंगला आहेत. एकाच टाकीतलं फिनेल तीन कंपन्यांच्या बाटल्यांत जाताना मी लहानपणापासून पाहिलंय. काकांना तेच उदाहरण दिलं.

काका म्हणाले, "फिनेल आणि ऑर्गन तुला एकच वाटतात का गं?"

मग मी इरेला पेटले. पुरावा दाखवला की माणूस ऐकतो, असं मला मनापासून वाटतं. अकरा चालू व्हॉल्व्ह तपासायला म्हणून काकांकडून मागून घरी आणले, मेलेला नमुना म्हणून आधीच पर्समध्ये होता, तो तिथेच राहू दिला. चार संध्याकाळी भिंग घेऊन बसले... आतल्या पत्र्यांचा रंग, वरच्या तारेची कडी गोल की चौकोनी, काचेवर छापलेले बारीक आकडे. नाव सगळ्यांवर एकच, पण बनवणारे चक्क तीन निघाले. आणि त्यातला एक तोच, ज्याने कल्याणचा व्हॉल्व्ह बनवलेला.

मी प्रत्येकाला स्टिकर लावले, फोटो काढले, तक्ता केला. काकांना आता बोलायला जागाच नव्हती.

आणि आईने सगळे भांड्यांच्या साबणाने घासले. या व्हॉल्व्हवरची छपाई इतकी कच्ची असते की बोट फिरवलं तरी जाते. नावं गेली, आकडे गेले, स्टिकर गेले. कल्याणचाही त्यातच.

"अगं, हत्यारं अशी कळकट पुजतात का? वरचं काळं मात्र निघेना बघ, किती घासलं."

ते काळं काचेच्या आत असतं. उरलीसुरली हवा शोषायला मुद्दाम ठेवलेलं असतं. हे मी तिला जरा चढ्या आवाजातच सांगितलं... घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि माझी हत्यारं म्हणून तिने बाबांच्या रात्रपाळीचा डबा भरण्याआधी तो पाट मांडलेला. ती कपबशा आवरायला गेली.

दसऱ्याला सकाळी ठाण्याला जाऊन काकांसमोर वर्तमानपत्रावर बारा कोरे व्हॉल्व्ह ठेवले आणि काय झालं ते सांगितलं. काका मग म्हणाले, "यातला परका काढून टाक."

मी म्हटलं, "काका, तुम्हीच काढा."

त्यांनी भिंग घेतलं. तासभर एकेक उजेडाकडे धरून आतले पत्रे आणि कड्या बघत होते. माझे फोटो त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत, पण शेवटी वर्तमानपत्रावर तीन ढीग झाले. पाच, तीन आणि चार... अगदी माझ्या तक्त्यातल्यासारखे.

"परका या चारांत आहे," मी म्हटलं. "पण कुठला, ते आता मलाही नाही सांगता येणार. त्याला वगळायचं तर चारही वगळावे लागतील."

काका त्या चारांकडे बघत राहिले. "हे तर सख्खे भाऊ दिसतायत गं," म्हणाले. आणि मग, "लाव सगळे."

मिनिटभर गरम व्हायला लागलं. पांढरी पाच वाजली... तीही सगळ्या सप्तकांत. काका ती एकच पट्टी बराच वेळ दाबून बसले. संध्याकाळी चौघांनी तीन तास वाजवलं. कॅनडाला निघालेले गायक मधेच गायचे थांबून नुसते ऐकत होते.

माझ्या चार संध्याकाळींनी जे झालं नाही ते साबणाने झालं, याचा मला अजूनही राग येतो. वाचून, अभ्यासून, नीट मांडलेलं कुणी बघू नये, हे काही बरोबर नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं, ऑर्गन वाजला. आदल्या दिवशी ओरडल्याबद्दल सॉरीही म्हटलं. ती सोनं वाटायला बाहेर निघालेली, चप्पल घालता घालता म्हणाली, "मग? स्वच्छ केलं की चालतंच."

मी पहिल्यांदाच तिला समजावायला गेले नाही. तिच्या हातातली आपट्याची पानं घेतली आणि पाया पडले.